लाडू, चिवडा आणि आम्ही तिघी

बदकाचं पिल्लू हातात घेतलं की कुणालाही प्रेम येतं. पण आठ आठवड्यांनी तेच पिल्लू अडीच-तीन किलोचं होतं आणि पहाटे सहाला अख्खी बिल्डिंग उठवतं, तेव्हा काय? पहिल्यांदाच बदक पाळलेल्या तीन रूममेट्सचा हा अनुभव, तुम्ही आमच्यासारखं वागू नये म्हणून!

खरं सांगा, रील्स स्क्रोल करताना बदकाचं पिवळंधमक पिल्लू कुणाच्या तरी मागे तुरुतुरु धावताना दिसलं की तुमचाही अंगठा थांबतो ना? माझा थांबायचा. माझ्या दोन्ही रूममेट्सचाही थांबायचा. पण आम्ही तिघी बघण्यावरच थांबलो नाही. जानेवारीतल्या एका रविवारी भाजी आणायला बाहेर पडलो आणि येताना मेथीच्या जुडीसोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन आलो.

"कितीला?"

"शंभर."

"जगेल ना?"

"न जगायला काय झालं?"

बस्स, एवढीच चौकशी. साधा इअरफोन घ्यायचा तर आपण चार दिवस रिव्ह्यू वाचतो. इथे एक जीव घेताना आम्ही चार मिनिटंही थांबलो नाही. गोल, पिवळं, ओंजळीत मावणारं, म्हणून नाव ठेवलं 'लाडू'. पुण्यातला भाड्याचा टू बीएचके, तिसरा मजला, तोंडावर आलेली सेमिस्टर आणि लाडू.

उजेड म्हणजे ऊब नव्हे

पहिली चूक पहिल्याच रात्री झाली. पिल्लाला ऊब लागते एवढं ऐकून माहीत होतं. म्हणून अभ्यासाचा टेबल लॅम्प खोक्यावर वाकवून ठेवला आणि शांत झोपलो. मध्यरात्री केविलवाण्या आवाजाने जाग आली. लाडू कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती. लॅम्प तर चालू होता! हात लावून पाहिला, तर जवळजवळ गारच. एलईडी होता तो. त्या बल्बने पुस्तक वाचता येतं, पिल्लू शेकता येत नाही, हे आमच्या तीन डोक्यांपैकी एकातही आलं नव्हतं. त्या रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आम्ही आळीपाळीने जागलो. सकाळी इलेक्ट्रिकच्या दुकानातून जुन्या पद्धतीचा तारेचा, साठ वॅटचा पिवळा बल्ब आणला.

तुम्ही हे आधीच लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३२ अंश सेल्सिअसची ऊब लागते. मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करत न्यायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लू स्वतःच सांगतं. ते बल्बखाली दाटीवाटीने चिकटून ओरडत असेल तर त्याला थंडी वाजतेय. बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर उकडतंय. म्हणून बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला लावायचा, दुसरं टोक गार राहू द्यायचं. बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकणार नाही हेही बघायचं, नाहीतर आग लागायची.

आणि हो, खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नका. (वर्तमानपत्रातच हे लिहितेय, पण खरं आहे!) गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय घसरतात आणि दोन्ही बाजूंना फाकतात. तसंच राहिलं तर कायमचं पांगळेपण येऊ शकतं. जुना टॉवेल, रबरी मॅट किंवा लाकडाचा जाड भुसा अंथरा.

बदक आहे म्हणून टबात सोडलं!

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. चौथ्या दिवशी आम्ही टबात पाणी भरलं, लाडूला सोडलं आणि व्हिडिओ काढला. काय गोड पोहत होती! व्हिडिओ लगेच पोस्टही केला. दहा-बारा मिनिटांनी बाहेर काढलं, तर तिची लव भिजून अंगाला चिकटलेली आणि मान लुळी पडलेली.

पुढचा तासभर मी विसरणार नाही. जवळच्या दोन दवाखान्यांत "आम्ही फक्त कुत्री-मांजरी बघतो" असं सांगितलं. तिसरीकडे पक्षी बघणारे डॉक्टर मिळाले. रिक्षात माझ्या फोनवर त्या व्हिडिओच्या लाइक्सची नोटिफिकेशन्स टणाटण येत होती आणि लाडू माझ्या ओढणीत निपचित पडली होती. तो व्हिडिओ मी रिक्षातच डिलीट केला.

डॉक्टरांनी तिला हळूहळू ऊब दिली, कोरडं केलं. मग आम्हाला बसवून समजावलं. मोठ्या बदकाच्या अंगावरून पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं, कारण त्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते चोचीने ते तेल पिसांना चोपडत असतं. पिल्लाची ही ग्रंथी अजून नीट कामाला लागलेली नसते. आईच्या पंखाखाली वावरताना तिच्या पिसांवरचं तेल त्याच्या लवीला लागतं. बाजारातून आणलेल्या पिल्लाला आईच नसते. ते भिजतं, गारठतं आणि बदक असूनही बुडू शकतं.

म्हणजे पिसं येईपर्यंत पाण्याचे लाड नाहीत. फार तर कोमट, उथळ पाण्यात दोन-तीन मिनिटं, तेही समोर बसून, आणि लगेच कोरडं करून ऊब. पूर्ण पिसं यायला सात-आठ आठवडे लागतात.

पिण्याच्या पाण्याचं मात्र उलटं आहे. ते चोवीस तास हवंच आणि पुरेसं खोल हवं. बदकाला चोच नाकपुड्यांसकट बुडवून स्वच्छ करावी लागते, नाहीतर त्याच्या नाकाडोळ्यांत घाण साठते. खाताना ते घासागणिक पाण्याकडे पळतं. पाणी नसताना कोरडं खाद्य दिलं तर घशात अडकू शकतं. लहान पिल्लासाठी भांड्यात मोठे गोटे टाका, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू आत पडणार नाही.

एक नको, दोन तरी आणा

डॉक्टरांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, "एकटंच का आणलंत?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. एक परवडतं, एवढंच.

बदक हा कळपाचा पक्षी आहे. अमेरिकेत नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बदकांच्या झोपेवर केलेला अभ्यास भारी आहे. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं आणि मेंदूचा अर्धाच भाग झोपवतं. मधली बदकं दोन्ही डोळे मिटून निवांत असतात. आता विचार करा, एकट्या बदकाला दोन्हीकडे कडाच! लाडू रात्री मिनिटा-मिनिटाला दचकून का ओरडायची, ते हे वाचल्यावर उमगलं.

शिवाय तुम्ही त्याचे काय होता, तेही समजून घ्या. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवस-दीड दिवसात पिल्लू समोर जे हलतं-बोलतं त्यालाच आई मानतं. ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेंझ यांनी हंसाच्या पिल्लांवर यावर काम केलं आणि १९७३ मध्ये त्यांना दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं. रीलमध्ये पिल्लू माणसामागे धावतं ते आपल्याला 'क्यूट' वाटतं. खरं म्हणजे ते आई शोधत असतं. आपण लेक्चरला निघालो की ते दिवसभर शोधतच बसतं.

त्याच आठवड्यात दुसरं पिल्लू आणलं. तपकिरी, चुळबुळं, एका जागी न टिकणारं. त्याचं नाव 'चिवडा'. त्या रात्री दोघं एकमेकांना चिकटून झोपली आणि घरात पहिल्यांदा शांतता झाली.

ब्रेड, फरसाण बंद!

तळ्याकाठी बदकांना ब्रेड टाकायची आपल्याला लहानपणापासून सवय. ती सोडा. ब्रेडने पोट भरतं, पोषण मिळत नाही. पिल्लांसाठी कोंबडीच्या पिल्लांचं 'स्टार्टर' खाद्य चालतं. पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यात वीस-बावीस टक्के प्रथिनं असावीत, पुढे कमी. पण बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन, म्हणजे ब ३ जीवनसत्त्व, जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात, पिल्लू लंगडतं. त्यासाठी ब्रुअर्स यीस्ट देतात. किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. सोबत मटारचे दाणे, बारीक चिरलेला कोबी, काकडी, कधी गांडूळ. (हो, गांडूळ. आमच्यातल्या शुद्ध शाकाहारी रूममेटने चिमट्याने भरवलं!) खाद्याबाहेरचं काहीही देणार असाल तर दळायला बारीक खडेदार वाळूही ठेवा, कारण पक्ष्यांना दात नसतात. अॅव्होकाडो पक्ष्यांसाठी विषारी आहे, तो चुकूनही नको. खारट फरसाण आणि चॉकलेटही नको.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. ओल लागून बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड बदकाला अजिबात घालू नका. अशा बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि बदकाची पिल्लं त्याला फार लवकर बळी पडतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी अचानक दगावले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग गेला आणि हे विष सापडलं. वास आला, गोळे झाले की खाद्य सरळ फेका.

घाण आणि आवाज

आता कोणतीही रील दाखवत नाही तो भाग. बदक दर पंधरा-वीस मिनिटांनी शी करतं. पातळ. कुठेही. त्याला कुत्र्यासारखी जागेची सवय लावता येत नाही. पाण्याचं भांडं भरलं की पाच मिनिटांत त्याचा चिखल होतो. आमच्या बाल्कनीत दिवसातून तीनदा फिनेलशिवाय, साध्या पाण्याने धुणं चालायचं, कारण फिनेलचा त्यांना त्रास. सबमिशनच्या आठवड्यात कुणाची पाळी यावरून आम्ही तिघी एकमेकींशी दोन दिवस बोलत नव्हतो.

हात साबणाने धुवायची सवयही इथेच लागली. बदकांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरू शकतो. बर्ड फ्लूचं तर आपल्या राज्याला वेगळं सांगायला नको. भारतात एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. बदकं हा विषाणू लक्षणं न दाखवताही बाळगू शकतात. म्हणून त्यांच्या पाण्यात रानपक्षी येणार नाहीत असं बघायचं आणि आजूबाजूला पक्षी मरत असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवायचं.

सातव्या आठवड्यात आवाज फुटला. मादी मोठ्याने 'क्वॅक' करते, नराचा आवाज घोगरा आणि दबका. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळतात. तेव्हा कळलं, लाडू खरंच मुलगी आणि चिवडा मुलगा. लाडूचा आवाज बोरिंगच्या मोटरलाही हरवेल असा. पहाटे सहाला सुरू. खालच्या काकूंनी पहिल्या दिवशी हसून विचारलं, "काय गं, बदकं पाळलीत का?" तिसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. आठव्या दिवशी घरमालक काकांचा फोन आला. "महिनाअखेरपर्यंत बदकं तरी जातील, नाहीतर तुम्ही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या बाळंतीण सुनेची झोप आमच्या हौसेपायी मोडत होती.

तलावाकाठची सकाळ

इथून पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

आम्ही आधी फोन फिरवले. 'पेट लव्हर' मित्रमैत्रिणी सगळे गायब. विक्रेता म्हणाला, "परत घेतो, पण चिकनवाल्याला देईन." मग कुणीतरी सुचवलं, तलावात सोडा, पक्षीच आहेत, राहतील मजेत. मार्चअखेरच्या एका सकाळी आम्ही खोकं घेऊन पाषाण तलावावर गेलो.

काठाच्या गवतात दोघांना खाली ठेवलं. समोर पाण्यात हळदी-कुंकू बदकं होती, आपल्याकडची रानातली. चाहूल लागताच ती भर्रकन उडाली. लाडू आणि चिवडा बघत राहिले. उडणं त्यांना येतच नव्हतं. लाडूसारखी पांढरी पेकिन बदकं पिढ्यान्‌पिढ्या वजनासाठी वाढवलेली, त्यांच्या पंखांना ते शरीर उचलवत नाही. आम्ही वळून चालू लागलो. वीस-पंचवीस पावलं गेलो असू. मागून थप थप थप आवाज आला. लाडू पळत येत होती, मान पुढे काढून, पंख पसरून, धडपडत. तिच्यामागे चिवडा. आणि पलीकडे रस्त्यावरची दोन कुत्री उभी राहून बघत होती.

कुणी काही बोललं नाही. रूममेटने दोघांना उचललं आणि आम्ही परत आलो.

घरी आल्यावर शोधलं तेव्हा कळलं, की आम्ही करायला निघालो होतो ते निर्दयपणाचंच होतं असं नाही, बेकायदाही होतं. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पाळीव बदकाला स्वतःचं अन्न शोधण्याची, कुत्र्यांपासून लपण्याची सवय नसते. शिवाय त्याचा रानातल्या बदकांशी संकर होऊ शकतो आणि आजारही जाऊ शकतात. उलट बाजूने, तळ्यावरचं हळदी-कुंकू किंवा अडई बदकाचं पिल्लू उचलून घरी आणणंही चालत नाही. ते वन्यपक्षी आहेत आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना लागू आहे.

भोरचे आजोबा

शेवटी सुटका झाली ती घरातूनच. रूममेटच्या आजोबांची भोर तालुक्यात भातशेती आहे, शेजारून ओढा वाहतो. तिने घाबरत फोन केला. आजोबा आधी खूप हसले, मग म्हणाले, "पोरींनो, आणा. पण मी एकटा नाही बघणार. महिन्याला एकीने तरी यायचं, खाद्य घेऊन." ती अट आम्ही आजतागायत पाळतोय.

भात आणि बदक यांची जोडी जुनी आहे. केरळच्या कुट्टनाडमध्ये कापणी झालेल्या खाचरांत बदकांचे कळपच्या कळप चरायला सोडतात. जपानमध्ये तर लावणीनंतर भातात बदकांची पिल्लं सोडून तण आणि किडे त्यांच्याकडूनच खाववतात, लोंब्या धरल्या की बाहेर काढतात. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघू, रोपं जरा रुजू देत. तुमची बदकं पिल्लं नाहीत, बैल आहेत."

त्यांनी खुराड्याला बारीक जाळी मारली, खालून फरशी घातली, कारण मुंगूस उकरून आत शिरतं. दिवस मावळायच्या आत दोघं आत, रोज, चुकवायचं नाही. शेजाऱ्यांकडच्या दोन माद्याही आणल्या, कारण एका नराला एकच मादी असेल तर तो तिला फार सतावतो.

आणण्याआधी स्वतःला विचारा

* अंगण, गच्ची किंवा शेत आहे का? फ्लॅटची बाल्कनी पुरत नाही.
* किमान दोन पाळता येतील का?
* पक्षी बघणारे डॉक्टर कुठे आहेत, हे पिल्लू आणण्याआधी माहीत आहे का?
* परीक्षेत, दिवाळीच्या सुट्टीत, नोकरी लागल्यावर त्यांना कोण बघणार? नीट सांभाळलं तर बदक आठ-दहा वर्षं जगू शकतं. तुमची डिग्री तीन वर्षांची आहे.
* शेजारी आणि घरमालकांशी आधी बोललात का?

यातल्या एकाचंही उत्तर 'बघू' असेल, तर रीलवरच थांबा. खरंच. बदकांच्या सोबतीची हौस असेल तर सकाळी दुर्बीण घेऊन तलावावर जा. पैसे लागत नाहीत आणि फिनेलची भानगडही नाही.

गेल्या महिन्यात भोरला जायची माझी पाळी होती. भात गुडघाभर वाढलं होतं. आजोबांनी खिशातून एक अंडं काढून हातावर ठेवलं, कोंबडीच्या अंड्यापेक्षा चांगलं मोठं. लाडूचं. मी बांधावर उभी राहून हाक मारली, "लाडू!" तिने मान वर केली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा चोच चिखलात घालून बाकीच्या तिघांच्या मागे निघून गेली.

क्षणभर वाईट वाटलं. मग खाद्याची गोणी उचलली आणि खुराड्याकडे गेले. पाण्याचं भांडं धुवायचं होतं.